एकशेविसावं पान

"वैनी, एक पान कमी पडतंय."

बाबालाल नदाफ दारातच उभे होते. चपला पायरीवर काढलेल्या, टोपी हातात, पण उंबरा ओलांडलेला नाही. आदल्या दिवशी ह्यांचा तेरावा झाला होता. चौदाव्या दिवशीच जायचं, त्याआधी नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं असणार. मी पुढच्या खोलीत बसून तांदूळ निवडत होते.

"कसलं पान?" मी विचारलं.

"कादंबरीचं. पंधरावा फॉर्म. सात पानं जुळवून पडल्यात. आठवं आलं की मशिनीवर चढवतो."

"बरं," मी म्हटलं आणि एक खडा बाजूला काढला.

त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. मी दुसरा खडा काढला. मग ते "येतो" म्हणून गेले.

ही एकोणऐंशी सालची, मिरजेची गोष्ट. मी तेव्हा वाचनालयांसाठी कादंबऱ्या लिहीत असे आणि त्या शेट्यांच्या प्रेसमध्ये छापल्या जात; बाबालाल तिथले जुळारी. प्रेस लहान, शिशाच्या अक्षरांचे खिळे बेताचे. आठ पानं जुळवायची, त्यांचा एक फॉर्म छापायचा, मग तेच खिळे मोकळे करून पुढची आठ पानं जुळवायला घ्यायची. त्यामुळे पुस्तक पुरतं लिहून झाल्यावर प्रेसला द्यायचं, ही चैन आम्हांला नव्हती. मी घरी पुढचं लिहीत असे आणि तिकडे मागचं छापून होत असे. मी थांबले की बाबालालच्या हातचे खिळे अडकत आणि सगळ्या प्रेसचं गाडं अडत असे. हल्लीच्या लेखकांना हे सांगितलं की ते हसतात. मग विचारतात, रोज लिहायचा उत्साह कुठून आणायचा? मी म्हणते, आमच्याकडे उत्साह नव्हता, फॉर्म होता.

आणि प्रेस आणि मी यांच्या मधोमध हे होते.

हे म्हणजे माझे यजमान, दत्तात्रय हर्डीकर. दिवाणी कोर्टात नकलनवीस. अठ्ठावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे निकाल आणि दस्त उतरवून काढले आणि प्रत्येकाच्या खाली 'मुळाबरहुकूम खरी नक्कल' असं लिहून सही केली. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ते बाबालालला लागत नसे, म्हणून संध्याकाळी कोर्टातून आले की हे माझी पानं उतरवून काढत आणि सकाळी कोर्टात जाताना प्रेसमध्ये टाकत. सवय अशी जडलेली की माझ्या कादंबरीच्या पानांखालीही तीच ओळ आणि तीच सही. ती ओळ जुळवायची नसते, हे बाबालालला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

मुळात जे असेल ते उतरवायचं, एवढा एकच धर्म. माझ्या दुसऱ्या कादंबरीत नायक नायिकेचा हात हातात घेतो आणि पुढची ओळ येते, 'स्टोव्हची पीन आणणे.' मी समासात टिपून ठेवलं होतं. हे तेही उतरवून मोकळे झाले आणि ते तसंच छापलं गेलं. मी चार दिवस बोलले नाही.

"अहो, तुम्हांला एवढं कळू नये?"

"कळलं की. पण मुळात होतं."

"मूळ चुकलं असलं तर?"

"ते दुरुस्त करायचा अधिकार नकलनवीसाला नसतो," हे म्हणाले, "आणि पीन आणलीय मी."

माझ्या लिहिण्याला शिस्त आहे असं लोक म्हणत. ती शिस्त ह्यांची, कोर्टातून घरी आणलेली. सकाळी आठला बसायचं. लिहावंसं वाटतंय का, हे मनाला विचारायचं नाही. आठ वाजले का, एवढं घड्याळाला विचारायचं. वाईट का असेना, त्या दिवसाचं लिखाण दुसऱ्या दिवशी सकाळी घराबाहेर पडलं पाहिजे. आणि उठताना शेवटचं वाक्य अर्धं सोडून उठायचं. कोर्टात पाच वाजले की हे शब्दाच्या मध्यावर टाक खाली ठेवत. "नवी नक्कल सुरू करायचा कंटाळा येतो," हे म्हणत, "अर्धी राहिलेली पुरी करायचा येत नाही." मला आधी हा चक्रमपणा वाटला होता. मग सवय लागली. सहा कादंबऱ्या त्या अर्ध्या वाक्यांवर झाल्या.

सातवी चालू असताना ह्यांचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी दीड महिना पाहिलं आणि मग घरी न्या म्हणून सांगितलं. त्या दिवशी सकाळी मी जे लिहिलं त्यात माझी नायिका इंदिरा घर सोडून जायला ट्रंक घेऊन दारापर्यंत आली होती. त्यानंतर मी काही लिहिलं नाही. पुढच्या खोलीत ह्यांची बाज टाकली. हे बाजेवर फळी घेऊन लिहीत बसत. माझी उरलेली पानं उतरवताहेत असं मला वाटे. "राहू द्या की," मी म्हणे. "हात चालू राहू दे," हे म्हणत. बाबालाल रोज संध्याकाळी तब्येत बघायला येत आणि जाताना एखादा कागद झालेला असला तर घेऊन जात. अठरा दिवस हे असं चाललं. एकोणिसाव्या दिवशी सकाळी हे गेले.

मला रडू आलं नाही. मला काहीच आलं नाही. भूक नाही, झोप नाही, राग नाही. दात काढताना सुई टोचल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तशी मी सगळीच झाले होते. कामं मात्र होत होती. भात होत होता, पांघरुणांच्या घड्या होत होत्या.

माझ्या थोरल्या नणंदबाई, कुमुदवन्सं, दिवसांना आल्या होत्या आणि माझ्यासाठी म्हणून राहिल्या होत्या. त्यांना ह्याचीच काळजी.

"विमल, रड गं बाई. मोकळी हो."

"येत नाही, वन्सं."

"लोक काय म्हणतील? माझा भाऊ गेला आणि बायको तांदूळ निवडतेय."

"मग कुणी निवडायचे?" मी म्हटलं. त्या पदराने डोळे पुसत आत गेल्या. माझ्या वाटचंही त्याच रडत होत्या.

बुधवारी बाबालाल पुन्हा आले. ह्या वेळी आत येऊन बसले. बाज होती ती जागा मोकळी होती, तिच्याकडे पाठ करून बसले.

"मालक म्हणत्यात, साखर कारखान्याचा अहवाल आलाय. सोमवारी लावायचा. तेच खिळे लागनार."

"मग लावा."

"तसं न्हवं. शनिवारपातुर आठवं पान आलं न्हाई तर सात पानं मोडाय लागतील. आन् एकदा मोडली की मालक काय परत लावू देत न्हाईत. आधीच उशीर झालाय म्हनत्यात. चौदा फॉर्म छापून पडल्यात वैनी, रद्दीत जातील."

"मोडा."

"काय म्हनता?"

"मोडा, बाबालाल. आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येणार?"

मी हे रागाने म्हटलं नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. ही कादंबरी मोडली की मी पुन्हा लिहिणार नाही, हे मला पुरतं कळत होतं. कोणी तरी तिसऱ्याच बाईबद्दल सांगावं तसं कळत होतं.

बाबालालनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "आड आटला म्हनून पोहरा फेकून देत न्हाई कुनी," ते म्हणाले. "आमची अम्मी गेली तवा तिसऱ्या दिवशी मी लग्नाच्या पत्रिका जुळवत हुतो. आता लोकं म्हनत्यात, कसं जमलं? आवं, मी मजकूर वाचतच न्हाई. एक अक्षर उचलायचं, लावायचं. दुसरं उचलायचं. डोकं जाग्यावर नसलं तरी हाताला ठावं असतंय."

"तुम्हांला पुढ्यात मजकूर असतो. माझ्यापुढे काय आहे?"

त्यांनी टोपी उचलली, "उद्या प्रुफं आनतो," म्हणाले आणि गेले.

गुरुवारी ते आले ते काखेत पुडकं घेऊन. सात पानांची प्रुफं आणि त्यांबरोबर ह्यांच्या हातचे कागद. प्रूफ नेहमी मुळासकट यायचं. एरवी हे मूळ मोठ्याने वाचत आणि मी प्रुफावर नजर फिरवत असे.

"टेबलावर ठेवा," मी म्हटलं.

"वैनी, एक ऐका. मोडा म्हनायच्या आदी एकदा वाचा. वाचून म्हनला तर मी सोता मोडतो, मालकाला हात लावू देत न्हाई."

ते गेल्यावर पुडकं तिथेच राहिलं. एक पानच का कमी पडतंय, हा प्रश्न मला तेव्हाही पडला नाही. इंदिरा दारात आली ते पान कितवं, हे मोजलं असतं तर पडला असता. पण मी काही मोजत नव्हते.

शुक्रवारी दुपारी वन्संनी मेथी निवडायला घेतली. खाली पसरायला कागद हवा म्हणून त्यांनी टेबलावरच्या पुडक्यातलं एक प्रूफ ओढलं. मी समोर बसून देठं वेगळी करू लागले. वन्सं त्यांच्या सुनेचं काहीतरी सांगत होत्या. मी 'हं' म्हणत होते. मेथीची जुडी उचलली तशी खालची ओळ दिसली.

'इंदिरेने आमटीचा थेंब डाव्या तळहातावर घेतला, चाटला, आणि मेलं मीठच नाही असं स्वतःशीच म्हणाली.'

मी जुडी तशीच हातात धरून ती ओळ पुन्हा वाचली. इंदिरा ट्रंक घेऊन दारात होती. ती आमटी कधी करायला गेली?

"वन्सं, उचला जरा मेथी."

"का गं?"

"उचला."

पान एकशेसतरा होतं. मी उठून टेबलावरची बाकीची सहा घेतली आणि खिडकीशी बसून एकशेतेरापासून वाचायला लागले.

माझं शेवटचं वाक्य एकशेबाराव्या पानावर संपलं होतं. पुढची सातही पानं माझी नव्हती.

वाचक म्हणून सांगायचं तर त्या सात पानांत काहीही घडत नाही. इंदिरा दारात येते, तिला आठवतं की दूध उतू जाईल, म्हणून ती ट्रंक खाली ठेवून आत जाते. मग पांघरुणांच्या घड्या करते, एक टोक दातात धरून. मग आमटी. मग पुन्हा ट्रंकेपाशी येते, एका पायाच्या अंगठ्याने दुसऱ्या पायाचा घोटा खाजवत उभी राहते, आणि तिला तुळशीला पाणी घालायचं आठवतं. जमिनीवर पडलेली केसांची पीन उचलून ओठांत धरते आणि तशीच बोलते. कोणाशी बोलते ते लिहिलेलं नाही. पाचव्या पानावर पुढच्या खोलीत एक बाज आहे. माझ्या कादंबरीत बाज कुठेही नव्हती. बाजेवर कोण आहे तेही लिहिलेलं नाही. बाजेवरून स्वयंपाकघराचं अर्धं दार दिसतं, एवढंच आहे.

इंदिरेला घराबाहेर काढायचा अधिकार ह्यांना नव्हता, आणि परत आत नांदवायचाही नव्हता. म्हणून अठरा दिवस ह्यांनी तिला दारात थांबवून ठेवलं होतं आणि तिला काहीतरी काम देत राहिले होते. कामं कल्पनेनं रचायला ह्यांना येत नव्हतं. बाजेवरून मी जशी दिसत होते तशी उतरवली होती.

मी ह्यांच्या हातचे कागद घेतले. अक्षर पहिल्या पानावर नेहमीसारखं मोत्याचं, पुढे उतरत गेलेलं, सातव्यावर ओळ खाली घसरलेली. प्रत्येक कागदाची खालची कड मी पाहिली. 'मुळाबरहुकूम खरी नक्कल' हे एकाही पानाखाली नव्हतं. सही नव्हती. जिला मूळ नाही ती नक्कल कशी म्हणायची, म्हणून हा माणूस मरता मरता सही करायचा राहिला होता.

सातव्या कागदाची शेवटची ओळ होती, 'मग इंदिरा उठली आणि'.

पुढे कोरा कागद.

"काय झालं गं?" वन्सं मेथी पदरात धरून उभ्या होत्या.

"काही नाही. माझं टेबल रिकामं करून हवंय."

"आत्ता?"

"आत्ता."

दुपारचे तीन वाजले होते. आठची वेळ नव्हती, पण घड्याळाला विचारलं नाही. टाक घेतला आणि 'मग इंदिरा उठली आणि' हे आधी माझ्या हाताने लिहिलं. मनात मात्र वाटत काहीच नव्हतं. उत्साह नाही, उमाळा नाही. बाबालाल म्हणाले तसं एक अक्षर उचललं, लावलं. मग दुसरं. 'मग इंदिरा उठली आणि दुधावर झाकण ठेवून निघाली.' पुढे तिने ट्रंक उचलली, फाटक उघडलं, कडी लावून घेतली. रस्त्यावर ऊन होतं. तांग्याच्या अड्ड्यापर्यंत ती चालत गेली. एवढंच. फार काही चांगलं पान नाही ते. घोडा कोणत्या रंगाचा होता हे मला अजून ठाऊक नाही, कारण तेव्हा सुचलंच नाही.

मग ते पान उतरवून काढायला बसले. बाबालालला लागेल असं अक्षर काढायचं म्हणजे शाळेत गिरवल्यासारखं एकेक काढावं लागलं. एका पानाला दोन तास लागले. बोटं आखडली. हे रोज चार पानं उतरवत आणि वर मला चहा करून देत, हे मला त्यांनी उतरवायला लागल्यापासून बाराव्या वर्षी कळलं.

शनिवारी दहाला बाबालाल आले. मी कागद पुढे केला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन वरपासून खालपर्यंत पाहिला.

"लागतंय?" मी विचारलं.

"लागतंय. 'ध' आन् 'घ' जरा बघून करा फुडच्या येळी." मग त्यांनी कागद खाली केला. "वाचली म्हनायची तुमी सात पानं."

"तुम्हांला कधी कळलं?"

"पयल्याच पानाला. खाली सही न्हवती. हर्डीकर भाऊंना इचारलं तर म्हनले, बाबालाल, ही भरती आहे. ती लिहायला बसली की प्रुफात ही काढून टाकील आणि आपलं घालील. तोवर फॉर्म थांबू देऊ नका. फॉर्म थांबला की ती थांबेल." बाबालाल टोपीकडे बघत होते. "आन् तुमाला सांगू नका म्हनले. तुमी वाचल्यावर कळंलच म्हनले. मी रोज म्हनायचो, आज सांगावं. पर शब्द दिल्ता."

आतून वन्संचं भांड्यांचं काम थांबलं होतं.

"मग काढायची ही सात?" बाबालालनी विचारलं. "काढा म्हनला तरी आठवं येकटं फुडं चालतंय. फॉर्म भराय मात्र सात नवीन लागतील."

"नाही. राहू देत."

"मालक म्हनतील, ह्यात काय घडतच न्हाई."

"म्हणू देत."

मी ह्यांच्या हातचे सात कागद पुडक्यातून काढून त्यांच्यासमोर ठेवले. आदल्या संध्याकाळी आठवं पान उतरवून झाल्यावर दौतीत शाई उरली होती. प्रत्येकाच्या खालच्या कडेला, जिथे ह्यांची सही असायची तिथे, मी गिरवल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'मुळाबरहुकूम खरी नक्कल', आणि खाली माझं नाव, विमल दत्तात्रय हर्डीकर.

बाबालालनी पहिला कागद पाहिला. मग दुसरा. सातही एकामागून एक पाहिले, घाई केली नाही. मग सगळे एकत्र करून कडा जुळवल्या आणि वर माझं पान ठेवलं.

"खालची ओळ जुळवायची न्हाई," ते म्हणाले. "ठावं हाय मला."

ते पायरी उतरून गेले. वन्सं बाहेर आल्या. त्यांचे डोळे लाल होते, माझे कोरडे होते. मला रडू आलं ते पुढे महिन्याभराने, सोळाव्या फॉर्मच्या तिसऱ्या पानावर, आणि ते इंदिरेसाठी होतं असं मी सगळ्यांना सांगितलं.

"काय गं नेलं त्यांनी?" वन्संनी विचारलं.

"एक पान."

"झालं मग तुझं लिहिणं?"

"नाही," मी म्हटलं. टेबलावर दुसरा कागद होता. तांगा स्टेशनात शिरत होता आणि वाक्य मी अर्ध्यावर सोडलं होतं.